खालून स्वच्छ गाडी

गेल्या हिवाळ्यात शुनपेईची गाडी सतरा वेळा ढकलावी लागली, आणि ढकलणाऱ्यांचं सरासरी वय एकोणऐंशी होतं. हा आकडा नगर कार्यालयातल्या मिकामीबाईंनी काढला होता. काढताना त्यांनी फुसाआजीचं वय अठ्ठ्याऐंशीऐवजी चुकून अठ्ठावन्न धरलं होतं. म्हणजे खरी परिस्थिती कागदावरच्यापेक्षा वाईट होती.

काम तसं सोपं होतं. रोज सकाळी खालच्या गावातल्या स्वयंपाकघरातून जेवणाचे डबे उचलायचे आणि डोंगरावरच्या उवासावात पोचवायचे. उवासावात आठ घरं होती आणि आठ माणसं, म्हणजे दर घरी एक. एप्रिल ते नोव्हेंबर हे काम कुणीही केलं असतं. डिसेंबर लागला की बर्फ पडायचा, आणि जिझोच्या वळणावर, जिथे लाल लाळेरं बांधलेली, वाटसरूंना सांभाळणाऱ्या जिझोची दगडाची मूर्ती मान तेवढी बर्फाबाहेर काढून उभी असते, तिथे शुनपेईची गाडी मूर्तीला सोबत करायला थांबायची. मागची चाकं जागच्या जागी गरगरायची. शुनपेई हॉर्न वाजवायचा नाही, त्याला लाज वाटायची. पण वरच्या घरांना इंजिनाच्या रडण्यावरून कळायचं. मग आठ माणसं आठ फावडी घेऊन उतरायची, चाकांपुढचा बर्फ उपसायची, मागे हात लावायची आणि स्वतःचं जेवण स्वतः ढकलत घरी न्यायची.

याबद्दल कुणी कधी कुरकुर केली नाही. उलट परत मिळणारे डबे जड असायचे. उवासावात रिकामं भांडं परत करण्याची पद्धत नाही. डब्यात मुळ्याचं लोणचं यायचं, कधी वाळवलेलं पर्सिमन, कधी सफरचंद. एकदा एक अत्यंत सुस्थितीतला दारावरचा कुलूपकोयंडा आला होता. जास्तीचा होता म्हणून. शुनपेई वर जाताना आठ जेवणं नेत असे आणि खाली येताना दहा जेवणांइतकं वजन आणत असे. उतारावर गाडी इतकी छान धावायची की तिच्यात काही दोष आहे असं कुणी म्हटलं नसतं.

शुनपेईला या आठ माणसांचं फार वाटायचं. त्याला कारण होतं. या कामाआधी सहा वर्षं तो टोकियोत एका कंपनीत होता. तिथे त्याचं काम म्हणजे दुसऱ्या एका कंपनीला दर शुक्रवारी पत्र पाठवून कळवायचं, की काम वेळेवर चाललं आहे. सहा वर्षांनी असं उघडकीला आलं, की ती दुसरी कंपनी तीन वर्षांपूर्वीच बंद झालेली होती. पत्रं कोण घेत होतं हे कळलं नाही. शुनपेई उत्तरेला, त्सुगारूला घरी परतला, आणि एकोणतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला अशी माणसं भेटली जी बारा वाजायला पंधरा मिनिटं कमी असताना खिडकीत उभी राहून त्याची वाट पाहत होती. आता जेवणाची वाट पाहत होती हे खरं. पण जेवण आणत तोच होता.

ऑक्टोबरात मिकामीबाईंनी त्याला बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांचं लहानपणही याच बर्फात गेलेलं होतं, आणि त्यांनी आधी चहा दिला. मग म्हणाल्या, की जेवणारे गाडी ढकलत असतील तर त्याला सेवा म्हणता येत नाही. उद्या एखाद्या आजीची कंबर मोडली तर मी कागदावर काय लिहू, जेवण घ्यायला गेली होती? तेव्हा या वर्षी पहिला मोठा बर्फ पडला की त्या स्वतः त्याच्या शेजारी बसून वर येणार. कुणीही गाडीला ढकललेलं दिसलं, तर डिसेंबर ते मार्च उवासावाचे डबे बंद. मग त्या आठ जणांना हिवाळ्यापुरतं खाली नगराच्या इमारतीत आणून ठेवणार. प्रत्येकाला एक खोली, खोलीत टीव्ही.

शुनपेईने हे वर जाऊन सांगितलं. फुसाआजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टीव्ही माझ्याकडे आहे. तिथून जिझो दिसतो का, ते विचार."

दिसत नव्हता.

म्हणजे आता चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती, आणि पहिल्या बर्फाच्या आत. शुनपेईच्या खात्यात साडेतीन लाख येन होते. नोव्हेंबरात साडेतीन लाखांत अशी जुनी गाडी मागणं म्हणजे भर उन्हाळ्यात स्वस्तात बर्फाचा गोळा मागण्यासारखं. साऱ्या जिल्ह्याला तेव्हाच आठवतं की हिवाळा दर वर्षी येतो.

त्याने गेन्साकुआजोबांचा सल्ला घेतला. गेन्साकुआजोबा उवासावाच्या सर्वांत वरच्या घरात राहत आणि त्यांनी एकतीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ लोटणारा नांगर चालवला होता. त्यांनी आधी शुनपेईच्या जुन्या गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवरून हात फिरवला, मग टोपी काढून स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला.

"सारखंच लागतंय," ते म्हणाले. "जेवणवाल्या, नीट ऐक. चार चाकांचा जोर गाडी हलवतो. थांबवायला टायरच लागतात. सगळे पैसे गाडीत घालशील तर जिझोपर्यंत झकास जाशील, आणि मग जिझोला घेऊन खाली येशील. टायरचे पैसे आधी बाजूला काढ."

शुनपेईचा विचार होता की दोघांनी गुपचूप जाऊन यावं. पण उवासावात गुपित ठेवायला फक्त आठ घरं आहेत, ती लगेच संपतात. सगळ्यांनाच यायचं होतं. गाडी कुणासाठी घ्यायची आहे, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. गाडीत जागा तिघांची. गेन्साकुआजोबा जाणकार म्हणून, शुनपेई पैसे त्याचे म्हणून. तिसऱ्या जागेसाठी जेवणाच्या काड्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. काड्या फुसाआजीने धरल्या होत्या आणि फुसाआजीच जिंकली. यावर बरीच चर्चा झाली, पण तोवर ती सीटवर बसून पट्टा लावून मोकळी झाली होती.

नाराओकांचं जुन्या गाड्यांचं आवार सफरचंदाच्या बागा संपतात तिथे, रस काढायच्या कारखान्याला लागून होतं. नाराओका पन्नाशीचे, रुंद चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की या धंद्यात तो अडचणीचा ठरत असावा. ते पहिल्या गाडीच्या आतल्या संगीतयंत्राबद्दल बोलायला लागले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की समोर कुणी नाही. गिऱ्हाईक खाली होतं.

त्सुगारूत गाडीचं तोंड कुणी बघत नाही. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते मीठ गाडीचा तळ खातं. वरून नवरीसारखी दिसणारी गाडी खालून चाळण झालेली असते. म्हणून इथला माणूस गाडी घ्यायला गेला की आधी वाकतो. फुसाआजीला वाकता येत नव्हतं, तिने लग्नात मिळालेला मुठीचा आरसा बांबूला बांधून आणला होता. तो ती गाडीखाली सरकवी आणि दंतवैद्यासारखी हुंकार भरी.

पहिल्या गाडीच्या तळाला गेन्साकुआजोबांनी जेवणाच्या काडीने टकटक केलं. काडी आरपार गेली. त्यांनी ती बाहेर काढून, पुसून, परत खिशात ठेवली. दुसरी गाडी उत्तम होती आणि पाच लाख ऐंशी हजारांची होती, म्हणून तिच्याकडे त्यांनी आदराने लांबूनच पाहिलं. तिसरीत कुणीतरी वर्षानुवर्षं वाळवलेले माकूळ वाहिले होते. फुसाआजीला ती आवडली. म्हणाली, वासानेच भूक लागेल. पण शुनपेई म्हणाला, की रोजच्या भाताला माकुळाचा वास आला तर लोक माझी वाट खिडकीत नाही, खिडकी लावून बघतील.

चौथी गाडी पांढरी होती.

ती कागोशिमाहून आली होती, देशाच्या पार दक्षिणेच्या टोकाहून, जिथे बर्फ पडला तर मुलं शाळेतून पळत बाहेर येऊन बघतात. मागच्या दारावर चारही चाकं ओढतात असं सांगणारी चंदेरी अक्षरं होती. किंमत तीन लाख दहा हजार. फुसाआजीने आरसा खाली सरकवला आणि हुंकार भरला नाही. तिने आरसा बाहेर काढला, फुंकर मारून पदराने पुसावा तसा बाहीने पुसला, परत सरकवला.

"गेन्साकु," ती हळूच म्हणाली, "जरा ये इकडे."

गेन्साकुआजोबांनी जमिनीवर खोक्याचा पुठ्ठा अंथरला आणि गाडीखाली गेले. ते इतका वेळ बाहेर आले नाहीत, की नाराओकांनी काळजीने विचारलं, बरं आहे ना. खालून उत्तर आलं, की बरं आहे, बघतोय. मग शुनपेईही खाली गेला. तळ स्वच्छ होता. नुसता स्वच्छ नव्हे, कोरा होता. पत्रा चमकत होता, खिळे चमकत होते. तांबेऱ्याचा एक ठिपका नव्हता. ते दोघं शेजारी शेजारी उताणे पडून, वसंतात चेरीच्या झाडाखाली पडावं तसे, वर बघत राहिले. थोड्या वेळाने पुठ्ठ्याच्या उरलेल्या तुकड्यावर नाराओकाही आले. त्यांनी सांगितलं की ही गाडी आल्यापासून त्यांना अधूनमधून खाली यावंसं वाटतं.

वरून फुसाआजीचा आवाज आला, "इतकी स्वच्छ पाठ तर मी आमच्या ह्यांचीही बघितली नाही. आणि ते रोज आंघोळ करायचे."

शुनपेईच्या डोळ्यांसमोर जिझोचं वळण आलं, आणि त्यावरून सरळ, न थांबता, जिझोला मानेने नमस्कार करत वर जाणारी पांढरी गाडी. टायरना पैसे कमी पडले असते, पण काहीतरी केलं असतं. एक महिना स्वतः कमी जेवलो असतो. डबे होतेच. तो गाडीखालून बाहेर आला, खिशातून सहीचा शिक्का काढला आणि त्यावर फुंकरही मारली.

"थांब," गेन्साकुआजोबा अजून खालीच होते, नुसता हात बाहेर आला. "चोथा राहिला."

नोव्हेंबरात बर्फ नसतो आणि गाडी तर नोव्हेंबरातच घ्यायची असते. यावर गेन्साकुआजोबांनी नोकरीच्या काळात काढलेला उपाय म्हणजे सफरचंदाचा चोथा. रस काढून झाला की कारखान्याच्या मागे त्याचा ढीग पडतो. ओला, गुळगुळीत, घोट्यापेक्षा खोल. त्यांच्या मते तो बर्फाचा सख्खा भाऊ आहे, फक्त वास चांगला. ज्या गाडीची चारही चाकं चोथ्यातून वर येतात ती उवासावाला येते. नाराओका हसले आणि म्हणाले, अवश्य. त्यांचा गाडीवर पूर्ण विश्वास होता. खाली इतका वेळ पडून राहिलेल्या माणसाचा असतोच.

शुनपेईने पांढरी गाडी चोथ्यात घातली आणि हळूच जोर दिला. पुढची चाकं फिरली. चोथा पंख्याने उडवल्यासारखा उडाला आणि जवळ उभ्या नाराओकांच्या कोटावर छातीपासून गुडघ्यापर्यंत बसला. मागची चाकं मात्र पाहुण्यांसारखी स्वस्थ होती. शुनपेईने आणखी जोर दिला. पुढची चाकं आणखी खोल गेली. मागच्यांनी याची कसलीही दखल घेतली नाही.

गाडी पोटापर्यंत रुतल्यावर फुसाआजीने आरसा खाली सरकवला आणि गेन्साकुआजोबांनी त्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दांडा कुठाय?" ते म्हणाले.

पुढचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा एक लांब दांडा अशा गाडीच्या पोटाखाली असतो. तो मनगटापेक्षा जाड असतो आणि जवळजवळ गाडीइतका लांब. तो नव्हता. कागोशिमाच्या कुणा काटकसरी मालकाने, आपल्याकडे कशाला हवा, तेवढंच तेल वाचेल, म्हणून तो काढून ठेवला असणार, आणि कदाचित त्यावर आता वेल चढवला असणार. त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते इथल्यांचं. बर्फातली चार अनुभवी माणसं, त्यांतला एक एकतीस वर्षं नांगर चालवलेला, एक जन्मभर गाड्या विकणारा, सगळ्यांचा मिळून तासभर त्या पोटाखाली गेला होता, आणि प्रत्येकाने गंज शोधला होता. गंज नाही हे सगळ्यांनी पाहिलं. दांडा नाही हे कुणी पाहिलं नाही. नसलेल्या दांड्याला गंजही नव्हता.

"मी तीनदा बघितली होती," नाराओका म्हणाले. चोथा त्यांच्या कोटावरून सावकाश ओघळत होता. "लिलावात एकदा, इथे आणल्यावर एकदा, आणि मग बायकोला दाखवायला म्हणून एकदा."

"ती काय म्हणाली?" फुसाआजीने विचारलं.

"फार आवडली म्हणाली."

शुनपेई गाडीतून उतरला आणि त्याचे बूट चोथ्यात गेले. दुसरी गाडी नव्हती. पैशात बसणारी तर नव्हतीच, आणि डोंगराच्या माथ्यावर कालच पांढरं दिसलं होतं. आठ खोल्या, आठ टीव्ही. त्याच्या मनात आलं, की आपण पुन्हा एकदा अशा गाडीखाली पडून होतो जिच्यात मुख्य वस्तूच नाही. टोकियोत सहा वर्षं, इथे पंधरा मिनिटं. प्रगती आहे, पण पुरेशी नाही. फुसाआजीने त्याच्याकडे पाहिलं आणि आपल्या पिशवीतून एक उकडलेला बटाटा काढून न विचारता त्याच्या हातात दिला. तो गरम होता. पिशवीत तो इतका वेळ गरम कसा राहिला, हे त्याला कधीच कळलं नाही.

नाराओका रुतलेली गाडी काढायला दुसरी गाडी आणायला गेले.

आणली ती एक छोटी डबा गाडी होती. वय बावीस वर्षं. रंग कोणता हे सांगता येत नव्हतं, बरेच होते. सरकतं दार दोरीने बांधलेलं, मागे भलामोठा आकडा आणि त्याला जाड नारिंगी दोर. आवाज आजारी बोक्यासारखा. ती न थांबता चोथ्यात शिरली, पांढऱ्या गाडीच्या नाकापर्यंत गेली, वळली, दोर अडकवून घेतला आणि चारही चाकांनी चोथा मागे सारत, अगदी बाजारातून पिशवी घेऊन घरी निघाल्यासारखी, पांढऱ्या गाडीला बाहेर घेऊन आली.

मग फुसाआजी म्हणाली, "ही कितीला?"

"ही विकायची नाही, आजी," नाराओका दोर सोडवत म्हणाले. "ही गाडी नाही, हत्यार आहे. हिवाळ्यात गावात कुणाचं रुतलं की मला फोन येतो, मी हिला घेऊन जातो. वडिलांपासून चाललंय."

फुसाआजीने आरसा सरकवला आणि या वेळी सविस्तर हुंकार भरला. गेन्साकुआजोबा पुठ्ठा घेऊन खाली गेले. गंज होता. सगळीकडे होता. पण त्यांनी काडीने टकटक केली तेव्हा ती दोनच ठिकाणी आरपार गेली, मुख्य कणा घट्ट होता, आणि शेवटी त्यांनी हात लांबवून ज्या वस्तूवर थाप मारली ती दांडा होती. "आहे," ते खालून म्हणाले. मग पुन्हा एकदा थाप मारली, खात्रीसाठी.

शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, वितीएवढं भोक होतं. त्यातून शुनपेईला जमीन दिसत होती. नाराओका म्हणाले की या वर्षीच्या तपासणीत ती पास होणार नाही, पत्रा जोडावा लागेल, आणि तरीही ती विकायची नाही.

मग शुनपेईने त्यांना सगळं सांगितलं. त्याला फार चांगलं सांगता येत नव्हतं, त्यामुळे तो सांगत गेला तसंच सांगत गेला. जिझोचं वळण, सतरा वेळा, जड डबे, कुलूपकोयंडा, आठ टीव्ही. नाराओका कोटावरचा चोथा निरपत ऐकत होते. सतरा वेळा म्हटल्यावर ते थांबले.

"आज तुम्ही शिक्का मारला असता," ते म्हणाले, "तर मी घेतला असता. कागद दिले असते, हात जोडले असते. आणि जानेवारीत ही आजी त्या वळणावर पांढऱ्या गाडीला ढकलत असती."

"मी नसते," फुसाआजी म्हणाली. "मी फावड्यावर असते. ढकलते ती समोरच्या घरातली."

नाराओका कमरेत वाकले, ते इतके खाली, की त्यांच्या कोटावर उरलेला चोथा जमिनीवर पडला. ते वर आले तेव्हा त्यांनी ठरवलेलं होतं. पत्रा ते स्वतः जोडतील, तपासणी करून देतील, सगळं मिळून एक लाख ऐंशी. म्हणजे उरलेल्यात चार कोरे हिवाळी टायर येतील, मागे पुरून उरेल. अट एकच. दोर आणि आकडा गाडीबरोबर जाईल, आणि गावात कुणाचं रुतलं तर त्यांना फोन आला की ते शुनपेईला फोन करतील, आणि त्याने जायचं. "मला गुडघे राहिले नाहीत," ते म्हणाले. "आणि तुला रुतण्याचा अनुभव आहे."

शुनपेईने शिक्का मारला. तो थोडा तिरका उमटला.

पत्रा जोडायला नाराओकांनी कारखान्याची जुनी पत्र्याची पाटी वापरली. तीच हाताशी होती. त्यामुळे गाडी परत आली तेव्हा शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, एक लाल सफरचंद हसत होतं.

मोठा बर्फ चौदा डिसेंबरला पडला, रात्रीत दोन हात. सकाळी मिकामीबाई फळी आणि कागद घेऊन आल्या, दोरी सोडून दार उघडेपर्यंत थांबल्या, आणि आत बसल्यावर पाय सफरचंदावर ठेवावेत की नको या विचारात ते थोडे वर धरून राहिल्या. बर्फाचा अंदाज ऐकून शुनपेईने आदल्या दिवशी प्रत्येक डब्यात चिठ्ठी घातली होती: उद्या कृपया घरातच थांबा. आठही डब्यांतून होकार आला होता, मुळ्याच्या लोणच्यासह.

जिझोच्या वळणावर आठही जण फावडी घेऊन उभे होते.

शुनपेईने मिकामीबाईंच्या फळीकडे पाहिलं. त्याने गाडी हळू केली. फुसाआजी खिडकीशी आली आणि काचेवर टकटक केली. त्याने काच खाली केली, तशी ती त्याच्याकडे न बघता पलीकडच्या मिकामीबाईंना म्हणाली, "ढकलायला नाही आलो. बघायला आलो. गेल्या वर्षी सतरा वेळा इथे भेटलो, आता सवय झाली. घरात बसून कुणाला बघायचं?"

मिकामीबाईंनी यावर कागदात पाहिलं. यासाठी रकाना नव्हता.

शुनपेईने सीटजवळचा बारका दांडा ओढून चारही चाकांना जोर दिला आणि हळूहळू पाय दाबला. टायरनी बर्फात दात रोवले. गाडी हलली. ती थांबली नाही, घसरली नाही, रडलीही नाही. आजारी बोका खाकरत वर निघाला आणि जिझो बाजूने मागे गेला, लाल लाळेऱ्यासकट. शुनपेईने त्याला मानेने नमस्कार केला. असं तो पहिल्यांदाच करत होता, आजवर त्यांची भेट नेहमी थांबूनच झाली होती.

मग त्याने आरशात पाहिलं, आणि वेग चालण्याइतका कमी केला.

मिकामीबाई मागे वळल्या होत्या. "ते गाडीला लागलेत," त्या म्हणाल्या. "ढकलतायत ते."

"नाही, बाई," शुनपेई म्हणाला. "गाडी त्यांना ओढतेय."

आकड्याचा नारिंगी दोर त्यांनी मागे लांबवर सोडलेला होता, आणि त्याला धरून आठ माणसं एका ओळीत, फावडी खांद्यावर टाकून, चढण चढत होती. सर्वांत पुढे फुसाआजी होती. ती सावकाश पावलं टाकत होती, वाफ सोडत होती, आणि मागच्यांना काहीतरी सांगत होती ज्यावर ते हसत होते. गेन्साकुआजोबा शेवटी होते आणि रिकाम्या हाताने उगाच उजवी-डावी खूण करत होते, जुन्या सवयीने.

मिकामीबाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचे पाय केव्हातरी सफरचंदावर टेकले होते. शेवटी त्यांनी विचारलं, की ती सगळ्यांत पुढची कोण.

"फुसाआजी. अठ्ठ्याऐंशी वर्षांची."

मिकामीबाईंनी कागद पाहिला. "माझ्याकडे अठ्ठावन्न आहे." त्यांनी पेन काढलं, पुन्हा एकदा मागे पाहिलं. फुसाआजीने त्यांना हात केला. बाईंनी पेन परत खिशाला लावलं. "असू दे," त्या म्हणाल्या. ढकलणाऱ्यांच्या रकान्यात त्यांनी नंतर शून्य लिहिलं, आणि ते नीट, गोल, दोनदा गिरवलं.

वर पोचल्यावर डबे वाटून झाले, तरी कुणी घरात जाईना. सगळ्यांनी गेन्साकुआजोबांच्या पडवीत उभ्याउभ्याच सूप प्यायलं. मिकामीबाईंना कुणीतरी एक रिकामा डबा दिला, मग तो रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात लोणचं घातलं. शुनपेईला त्या सगळ्यांना काहीतरी म्हणायचं होतं. तीन आठवड्यांपासून त्याने मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, त्यात टोकियोही होतं. पण फुसाआजी म्हणाली, सूप निवतंय, तेव्हा त्याने ते सुपाबरोबर गिळलं. सूप चांगलं होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाराओका होते. पुलाजवळ एक गाडी रुतली आहे, जरा दोर घेऊन ये.

शुनपेई खाली पोचला तेव्हा पुलाच्या तोंडाशी पांढरी गाडी बर्फात नाक खुपसून उभी होती. पुढची चाकं फिरत होती, मागची स्वस्थ होती. बायकोला फार आवडली म्हणून नाराओकांनी ती शेवटी स्वतःच ठेवून घेतली होती. बायको चक्राशी बसली होती. नाराओका बर्फात गुडघाभर उभे होते आणि त्याला पाहताच कमरेत वाकले.

शुनपेई दोर हातात घेऊन उतरला. आजवर बर्फात तो नेहमी रुतलेल्या बाजूला उभा राहिला होता. या बाजूने जग कसं दिसतं हे त्याला माहीतच नव्हतं. बरं दिसत होतं. तो नाराओकांपेक्षा खाली वाकला. मग नाराओका त्याच्यापेक्षा खाली वाकले, गाडी सोडवल्याबद्दल आधीच आभार मानत, आणि शुनपेई गाडी विकल्याबद्दल अजून एकदा आभार मानत पुन्हा वाकला.

नाराओकांच्या बायकोने काच खाली केली आणि म्हणाली, की तुमचं दोघांचं वाकून झालं की सांगा, तोवर मी चाकं फिरवत बसते.